माळावर बी फोकण्याआधी

पेरणारा : दख्खनच्या माळावरचं गवत जूनपासून सप्टेंबरपर्यंत जनावराला पोसतं आणि दिवाळीनंतर नुसतं त्याचं पोट भरतं. कुसळी असो की पवना, पिकून वाळला की त्यातली प्रथिनं ३-४ टक्क्यांवर येतात. चाऱ्यात साधारण ७ टक्के प्रथिनं नसली की कोठीपोटातल्या जिवाणूंना नत्र पुरत नाही. ते तंतू फोडायचं काम सोडतात, खाल्लेलं पोटात पडून राहतं आणि जनावर पुढचा घास घेत नाही. दारात गंजी असूनही फेब्रुवारीत गाईच्या बरगड्या मोजता येतात, त्या यामुळे. पेंड घाला म्हणाल, तर ती दुभत्या गाईला परवडते. भाकड गाईला, बैलाला, शेरडांना पेंड कोण घालतो? म्हणून मी म्हणतो, त्याच माळावर, त्याच गवतात एक द्विदल वाढू द्या, स्टायलो. स्टायलोच्या हिरव्या पाल्यात १२ ते १८ टक्के प्रथिनं असतात. मुळं खोल जातात, त्यामुळे गवत पिवळं पडल्यावरही ते काही आठवडे हिरवं राहतं. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात आणि त्यातला थोडा पुढे गवतालाही मिळतो. यासाठी नांगर लागत नाही. बी फोकायचं, बस.

शंकेखोर : ‘बस’ म्हणालात, तिथेच तुम्हाला अडवतो. दुखणं तुम्ही बरोबर सांगितलंत, त्यावर वाद नाही. पण आहे त्या गवतात बी फोकणं म्हणजे भरलेल्या एसटीत दरवाजाला लोंबकळत चढणं. पवन्याचं किंवा मारवेलचं ठोंब तिथे वर्षानुवर्षं बसलेलं आहे, पहिला पाऊस पडला की त्याची मुळं पाणी ओढायला तयार असतात. तुमचं बी बाजरीच्या दाण्याहून फार मोठं नाही. त्याला साल इतकी टणक की पाणी आत शिरत नाही. वर पडलेलं बी मुंग्या उचलून नेतात. जे वाचून उगवतं त्याला जूनच्या दोन सरींनंतर पंधरा-वीस दिवसांचा खंड बसतो आणि बोटभर रोप वाळून जातं. जे त्यातूनही तगतं त्यावर ऑगस्टात गुडघाभर गवताची सावली पडते. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खणतात, त्यांच्या भरावावर स्टायलो टाकतात, ते मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. भरावावर ते छान येतं, कारण तिथली माती उकरलेली असते आणि गवत नसतं. दोन चरांच्या मधल्या अखंड गवतात मात्र शोधावं लागतं. म्हणजे तुमची ‘बिननांगरटीची’ पेरणी जिथे यशस्वी झाली, तिथे कुदळीनं आधीच नांगरट करून ठेवली होती. मग सरळ नांगरा आणि पेरा, असं का नाही म्हणत?

पेरणारा : कारण माळावर माती किती आहे ते तुम्हालाही माहीत आहे. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. ती वीतभर माती जागेवर धरून ठेवली आहे ती ह्याच ठोंबांनी. उतारावर नांगर फिरवलात की वळवाचे दोन पाऊस पुरतात, माती ओढ्यात जाते. शिवाय ठोंब मोडल्यावर रिकाम्या जागी पहिलं कोण येतं? टाकळा आणि गाजर गवत. गायरान नांगरून वैरण पेरण्याचे प्रयोग ज्यांनी केले त्यांच्या वाट्याला दुसऱ्या वर्षी बहुधा हेच आलं. नांगराला माझा विरोध तत्त्वाचा नाही, मातीच्या जाडीचा आहे.

आता तुमचे आक्षेप. सगळे खरे आहेत, पण प्रत्येकाला उत्तर आहे. साल टणक असते, म्हणून बी ८० अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवायचं आणि मग रात्रभर थंड पाण्यात भिजवून सुकवायचं. पण सगळं बी असं करायचं नाही, इथे बरेच जण फसतात. सगळं बी मऊ केलं की पहिल्या सरीला सगळं उगवतं आणि खंड पडला की सगळं जातं. निम्मं गरम पाण्यातून काढायचं, निम्मं तसंच ठेवायचं. कच्चं बी मातीत पडून राहतं, थोडं जुलैत उगवतं, थोडं पुढच्या वर्षी, थोडं त्याच्या पुढच्या. टणक सालीला तुम्ही दोष म्हणता, पण आपल्या पावसाचा लहरीपणा पाहता तो त्या बियाचा विमा आहे. हेक्टरी चार-सहा किलो बी लागतं आणि एका किलोत दाणे लाखांत मोजावे लागतात. त्यातला शंभरातला एक जगला तरी माळ भरतो.

सावलीचं म्हणाल, तर ती गुरांनी काढायची. मे महिन्यात माळ तळापर्यंत चारून घ्यायचा. पहिल्या पावसाच्या तोंडावर बी फोकायचं आणि लगेच त्यावरून कळप फिरवायचा. खुरांनी बी मातीत दाबलं जातं, मुंग्यांपासून काही वाचतं. आणि पुढचे सहा-सात आठवडे गुरं पूर्ण बंद करायची नाहीत. हे लोकांना पटत नाही. ‘पेरलंय, आता चराईबंदी’ असं गाव ठरवतं, गवत मोकाट वाढतं आणि खालचं रोप गुदमरून मरतं. ओल्या गवताचा कोंब समोर असताना गाय स्टायलोला फारसं तोंड लावत नाही, ती गवतच खाते. म्हणजे गुरं त्या दिवसांत आपली खुरपणी करत असतात. बंदी घालायची ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, फुलोऱ्याला आणि बी पडायला. नंतर पुन्हा खुशाल चारा.

शंकेखोर : आता तुम्ही अवघड गोष्ट बोललात आणि ती बियाण्याची नाही. मे महिन्यात तळापर्यंत चारा, जून-जुलैत हलकं चारा, सप्टेंबरात थांबा, नोव्हेंबरात सोडा. हे वेळापत्रक तुमच्या स्वतःच्या रानात जमेल. गायरानावर ते कोण पाळणार? नांगराचं काम तुम्ही वाचवलंत ते खरं, पण ते गावाच्या एकमतावर टाकलंत. नांगर भाड्यानं मिळतो, एकमत मिळत नाही.

गायरान म्हणजे नेमकं कोणाचं रान, हे आधी पाहा. कागदावर ते सरकारचं किंवा ग्रामपंचायतीचं. प्रत्यक्षात त्यावर दूधवाल्यांच्या चार जर्सी जातात, भूमिहीनांची शेरडं जातात, पावसाळ्यात परतलेल्या धनगरांची मेंढरं जातात, आणि मराठवाड्यात त्याचा एक भाग दलित कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कसत आली आहेत. १४ एप्रिल १९९०पर्यंतची त्यांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासनाचा निर्णय आहे. तो लागू करून घेण्यासाठी त्यांना अजून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. दुसरीकडे २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचा आदेश सगळ्या राज्यांना दिला. अशा जमिनीवर ‘चारा विकास’ म्हणून बी फोकणं हाही ताबा सांगण्याचा एक प्रकार ठरतो. सप्टेंबरात बंदी कोणाला जाचते? जिच्याकडे चार शेळ्या आहेत आणि जमीन गुंठाभरही नाही, तिला. दूधवाल्याच्या गाई तेव्हा दावणीला मका खात असतात. आदर्श गाव योजनेनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावोगाव नेली, त्यातून काही डोंगर खरोखर हिरवे झाले, हे मी नाकारत नाही. पण त्या हिरवळीसाठी शेळ्या कोणी विकल्या, हे यशोगाथांमध्ये क्वचित छापलं जातं.

पेरणारा : छापलं जायला हवं, मान्य. पण तुमच्या या युक्तिवादातून सुटका कशी करायची ते सांगा. गायरान आज जसं आहे तसं ठेवलं तर त्या चार शेळ्यांना तरी काय मिळतं? पुरेसं चरायलाच नाही. माळ इतका ओरबाडला गेला आहे की मारवेल गेला, पवना गेला, राहिली ती कुसळी. सप्टेंबरअखेर तिची टोकदार कुसळं मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतात, तोंडात जखमा करतात. गरिबाच्या नावानं काहीच न करणं यात गरिबाचा फायदा कुठे आहे?

आणि वेळापत्रकाची भीती तुम्ही जरा फुगवता. गाव काहीच वेळापत्रक पाळत नाही असं नाही. शेतात मेंढ्या बसवण्याचा व्यवहार कधीपासून चालतो? शेतकरी धनगराला धान्य देतो, पैसे देतो, रात्री वाडा शेतात बसतो, सकाळी लेंडीखत मिळतं. किती रात्री, किती मेंढरं, काय दर, हे सगळं तोंडी ठरतं आणि पाळलं जातं. दिवाळीनंतर कोकणात किंवा गोदाकाठाला गेलेले कळप पावसाच्या सुरुवातीला पठारावर परततात, नेमके आपल्याला हवे तेव्हा. मग माळ तुडवण्यासाठी त्यांना मोबदला द्यायला काय हरकत आहे? पेरणीच्या यंत्राला अनुदान मिळतं, तेच काम करणाऱ्या खुरांना का मिळू नये? मी तर पुढे जाऊन म्हणतो, बी थेट जनावरांच्या पोटातून पेरता येतं. टणक सालीचं बी गाईच्या पोटातून बरंचसं धड बाहेर पडतं, शेणाच्या पोवात ओल असते, खत असतं, भोवतालचं गवतही त्यानं दबतं. उत्तर ऑस्ट्रेलियात स्टायलो माणसांनी पेरलं त्याहून किती तरी जास्त गुरांनी पसरवलं.

शंकेखोर : मेंढीच्या पोटातून गाईइतकं बी धड निघत नाही, ती बारीक चावते, आपल्या माळावर तर कळप आहेत ते मेंढ्यांचे. पण ते राहू द्या. तुम्ही ऑस्ट्रेलियाचं नाव काढलंत, बरं झालं. तिथली गोष्ट शेवटपर्यंत सांगू या.

स्टायलो मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची एक जात टाउन्सव्हिल बंदराच्या आसपास चुकून पोचली आणि तिथलंच नाव घेऊन बसली. गुरं वाढली, पशुपालक खूश झाले, लाखो एकरांवर ती पसरली. १९७०च्या दशकात करपा रोग आला आणि ते टाउन्सव्हिल स्टायलो पार बसलं. मग करप्याला तोंड देणाऱ्या नव्या जाती आणल्या, व्हेरानो आणि सेका. सेका इतकं जोमदार निघालं की काही कुरणांत मूळची बहुवर्षायू गवतंच हटली. तुम्ही आत्ता कौतुकानं सांगितलंत की पावसाळ्यात गाय गवत खाते आणि स्टायलो सोडते. त्याच गोष्टीची दुसरी बाजू ही. दर पावसाळ्यात गवत चावलं जातं आणि स्टायलो फळतं, असं दहा वर्षं चाललं की माळ कोणाचा होतो? ज्या कुरणांत स्टायलोचंच राज्य झालं तिथली माती हळूहळू आम्ल होत गेल्याचं तिथल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं, कारण द्विदलानं साठवलेला नत्र वापरायला पुरेसं गवत उरलं नव्हतं आणि तो नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली झिरपत होता. गवताला जोड म्हणून आणलेलं द्विदल गवताच्या जागी बसलं.

आपल्याकडची आठवण याहून जवळची आहे. सुबाभूळ. तीही द्विदल, तीही चाऱ्याची आणि सरपणाची. १९७०च्या दशकात मणिभाई देसाईंच्या बायफ या संस्थेनं उरुळी कांचनहून तिचा प्रसार केला तेव्हा हेतूबद्दल कोणालाही शंका नव्हती, आजही नसावी. पण आज रस्त्याकडेला, पडीक रानात, ओढ्याकाठी न लावता उगवलेली सुबाभूळ पाहिली की कळतं, बियाला हेतू माहीत नसतो.

पेरणारा : सुबाभूळ झाड आहे, तिच्या शेंगा माणसाच्या डोक्यावर लटकतात आणि उंच गेलेल्या फांदीला शेळीचं तोंड पोचत नाही. स्टायलो गुडघ्याएवढं, आणि वाळत्या दिवसांत जनावरं ते मुळापर्यंत खातात. भारतात ते काही काल आलेलं नाही. पन्नासेक वर्षं तरी ते आपल्याकडे पेरलं जातंय, आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातले छोटे शेतकरी त्याचं बी पिकवून विकतात. एवढ्या काळात त्याची वेडी बाभूळ झाली का? माझी तक्रार तर उलटीच आहे, ते टिकतच नाही. दोन-तीन वर्षं दिसतं आणि मग विरतं. त्याची हमाटा ही जात अल्पायुषी आहे, तिला दरवर्षी बी पाडू दिलं नाही तर ती संपते. आणि हलक्या मुरमाड जमिनीत जी जात चालते ती भारी काळ्या जमिनीत चालत नाही. तिथे सिब्राना लागते, आणि सिब्रानाला तिचा ठरावीक जिवाणू लागतो. तो मातीत नसेल तर गाठीच धरत नाहीत. अशा नाजूक पाहुण्याला तुम्ही आक्रमक म्हणता?

(इथे लेखक मध्ये बोलतो, त्याबद्दल क्षमा असावी. दोघांच्या बोलण्यात एक विसंगती राहून जाते आहे. एक जण आधी म्हणतो की ते उगवणारच नाही आणि नंतर म्हणतो की ते सगळा माळ गिळेल. दुसरा आधी म्हणतो की ते माळ भरून टाकेल आणि नंतर म्हणतो की ते टिकतच नाही. माझ्या मते दोघेही वेगवेगळ्या चराईबद्दल बोलत आहेत आणि ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही. तेच बी एका माळावर विरतं आणि दुसऱ्यावर माजतं. फरक पडतो तो कोणती गुरं, किती, आणि कोणत्या महिन्यात, यावरून.)

शंकेखोर : ठीक आहे, मग तो प्रश्न मी अधिक टोकदार करतो. तुम्ही असं बोलताय की जणू माळावर द्विदल नव्हतंच आणि तुम्ही ते पहिल्यांदा आणताय. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३मध्ये भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मांडले. त्यात आपलं द्वीपकल्प बहुतेक सेहिमा-डायकँथियम या प्रकारात येतं, म्हणजे पवना आणि मारवेल. या गवतांच्या पायाशी पावसाळ्यात बसून पाहा. रानमेथी जमिनीला चिकटून पसरलेली असते. नीळवर्गातल्या इंडिगोफेराच्या लाल-गुलाबी फुलांच्या जाती असतात, झोर्निया असते, तुरीची रानटी भावंडं गवतावर वेल चढवून असतात. आणि अलिसिकार्पस. या एका प्रजातीतल्या काही जाती महाराष्ट्राच्या पठारांखेरीज जगात कुठे नाहीत. ही सगळी द्विदलं आहेत, सगळ्यांच्या मुळांवर गाठी असतात, आणि त्यातली बरीच जनावरं आवडीनं खातात. म्हणूनच ती कमी झाली.

आता माझा प्रश्न. ज्या चराईनं ही द्विदलं संपवली तीच चराई तुमच्या द्विदलाला का सोडेल? सोडणार नसेल, तर बी फुकट गेलं. आणि सोडणार असेल, तर ज्या कारणानं सोडेल त्याचीच मला भीती आहे. जे द्विदल इतक्या दातांना पुरून उरेल ते बाकी सगळ्यांनाही पुरून उरेल. चराई दुरुस्त केली, तर कदाचित तुमच्या बियाची गरजच उरणार नाही. माळाचं स्वतःचं बी मातीत असतं.

पेरणारा : ‘कदाचित’. यात सगळं आलं. काही माळांवर ते बी मातीत असेल. तीस वर्षं ओरबाडलेल्या, जेसीबीनं मुरूम नेलेल्या, दरवर्षी वणवा लागणाऱ्या गायरानात ते किती शिल्लक असेल? अशा जागी मला स्थानिक द्विदल पेरायलाही आवडेल, पण पेरू काय? अलिसिकार्पसच्या शेंगेचे तुकडे एकेक करून गळतात, सगळं एकदम पिकत नाही, हातानं गोळा करावं लागतं. कोणत्याही बियाण्याच्या दुकानात ते मिळत नाही. स्टायलो मिळतं.

शंकेखोर : आता खरं बोललात. स्टायलो माळासाठी निवडलेलं नाही, ते बाजारात मिळतं म्हणून निवडलेलं आहे. अनंतपूरच्या शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळतात, त्याबद्दल आनंदच आहे. पण योजनेच्या कागदावर ‘द्विदल चारा बियाणे’ लिहिलं की पुढे काय येणार ते आधीच ठरलेलं असतं. गोकर्णाचं बी गोळा करणं सोपं आहे, वेल आपल्या कुंपणांवरच असते, जनावरं खातात. दशरथ गवत आहे, तेही परकंच, पण निदान दुसरी जात. एका जातीवर सगळा माळ सोपवला आणि करपा आला, तर काय होतं ते टाउन्सव्हिलनं दाखवलं आहे.

पेरणारा : मिश्रणाला माझी ना नाही. उलट एक गोष्ट मीच सांगतो जी तुम्ही विचारली नाहीत. स्फुरद. बिननांगरटीच्या द्विदलाचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण न्यूझीलंडच्या डोंगरांचं. तिथे १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून विमानातून क्लोव्हरचं बी आणि सुपरफॉस्फेट टाकत गेले आणि उतार हिरवे झाले. लोकांना त्यातलं बी दिसतं, सुपरफॉस्फेट दिसत नाही. द्विदलाला गाठी धरायला स्फुरद लागतं. स्टायलोची ख्याती अशी की ते स्फुरद कमी असलेल्या जमिनीतही वाढतं. पण मग त्याच्या पाल्यातही स्फुरद कमी असतं, आणि तो पाला खाणारं जनावर प्रथिनांनी भरतं पण हाडं चघळायला लागतं. म्हणजे माळावर बी टाकून हात झटकता येत नाहीत. दावणीला क्षारमिश्रण तरी ठेवावं लागतं. तुम्हाला वाटतं तसा मी भोळा नाही.

शंकेखोर : भोळे नाही, घाईत आहात. कारण मला कळतं. २०१२-१३च्या आणि २०१८-१९च्या दुष्काळात चारा छावण्यांतली जनावरं तुम्हीही पाहिलीत, मीही पाहिली. त्या उन्हात उभं राहिल्यावर नन्नजच्या माळढोक पक्ष्याबद्दल आणि अलिसिकार्पसबद्दल बोलायला जीभ उचलत नाही. पण माळ हा जंगल तोडून झालेला उजाड भाग आहे, म्हणून त्यावर काहीही लावलं तरी सुधारणाच, हा समज मला मोडायचा आहे. अलीकडे दोन संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा, ओव्या, लोकगीतं चाळून त्यातल्या झाडांच्या आणि रानाच्या उल्लेखांवरून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातला हा उघडा गवताळ मुलूख शेकडो वर्षं असाच आहे. आणि आपले सरकारी नकाशे? ‘पडीक जमिनींचा अ‍ॅटलास’ अशा मुलखाचे मोठे तुकडे पडीक म्हणून रंगवतो. सातबाऱ्यावर पोटखराब. मुरूम काढून नेलेला खड्डा आणि दोनशे वर्षं न नांगरलेला मारवेलचा माळ एकाच रकान्यात बसतात.

पेरणारा : मग रकाने आपण वेगळे करू. मला कुठे हवं ते सांगतो. समतल चरांचे भराव, शेताचे बांध, पंधरा वर्षं पडून राहिलेली शेतं, मुरमाच्या खाणीभोवतालची जमीन, आणि जिथे फक्त कुसळी आणि टाकळा उरला आहे असं गायरान. जिथे मारवेल आणि पवना शाबूत आहे, खाली त्यांची स्वतःची द्विदलं आहेत, तिथे मी बी टाकणार नाही. तिथे फक्त चराईचं वेळापत्रक. हे तर तुम्हाला मान्य व्हावं.

शंकेखोर : यादी मान्य, पण दोन गोष्टी उरतात. एक, बी तुमची यादी वाचत नाही. भरावावरचं स्टायलो ज्या गाई खातात त्याच दुपारी पलीकडच्या चांगल्या माळावर शेण टाकतात, ही तर तुमचीच पेरणीची पद्धत. टणक बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं, ते परत मागवता येत नाही. दुसरी, कोणता माळ कोणत्या यादीत, हे कोण आणि कधी ठरवणार? माळाची द्विदलं ओळखू येतात ती ऑगस्ट-सप्टेंबरात, फुलात असताना. मे महिन्यात सगळेच माळ सारखे दिसतात, पांढुरके आणि मेलेले. आणि तुमचं बी विकत घ्यायचा, गरम पाण्यातून काढायचा, फोकायचा निर्णय होतो तो एप्रिल-मे महिन्यात, कारण मार्चअखेर निधी आलेला असतो. ज्या महिन्यात माळ नीट दिसत नाही नेमक्या त्याच महिन्यात त्याचं भवितव्य ठरतं. म्हणून माझी मागणी साधी आहे. एक पावसाळा माळ पाहा, पुढच्या पावसाळ्यात पेरा.

पेरणारा : एक पावसाळा म्हणजे माणसाला कागदावरची एक ओळ, जनावराला एक अख्खा उन्हाळा. चांगल्या माळाबाबत मी थांबेन. भरावांबाबत आणि कुसळीच्या गायरानाबाबत थांबणार नाही, तिथे बी याच जूनमध्ये पडेल. हवं तर एक पट्टा न पेरता सोडतो, चराई दोन्हीकडे एकच. तीन वर्षांनी तुमच्या मातीतल्या बियानं त्या पट्ट्यात काय केलं आणि माझ्या बियानं शेजारी काय केलं, ते दोघांनी पाहू.

शंकेखोर : कुसळीच्या रानातही खाली काय आहे ते मे महिन्यात तुम्हाला माहीत नसतं, यावर मी ठाम आहे. पण पट्टा सोडा. रुंद सोडा, दोन फुटांची पट्टी नको, आणि तिची जागा तुम्ही किंवा मी ठरवायची नाही. त्या माळावर जो रोज गुरं घेऊन जातो त्याला विचारा, श्रावणात जनावरं कुठे रेंगाळतात. पट्टा तिथे सोडा.